रथाच्या मार्गावरचे चौदा बाण

बाभूळखेडच्या महादेवाचा रथ कोणत्या आळीतून कोणत्या आळीत वळतो, हे गावातल्या म्हशींनासुद्धा ठाऊक होतं. रथाच्या दिवशी त्या आपण होऊन गोठ्यात जाऊन बसत. देवळापासून निघायचं, पेठेतून वर जायचं, तिथून कुंभारवाड्याच्या उतारानं खालच्या आळीत उतरायचं आणि खालच्या आळीतून परत देवळात यायचं. असा एक गोल. तो गोल कागदावर कसा दिसतो, असा प्रश्न मात्र आजवर कुणाला पडला नव्हता. यंदा तो पोलीस ठाण्याला पडला.

परवानगीच्या अर्जात एक नवा रकाना आला होता. ‘मिरवणूक मार्गाचा नकाशा, दिशादर्शक बाणांसह, पाच प्रतींत.’ यात्रा कमिटीचे अध्यक्ष मृत्युंजय आप्पा यांनी तो सभामंडपात मोठ्यानं वाचून दाखवला. आप्पांचं पेठेत भुसार मालाचं दुकान, आणि रथाच्या पहिल्या आरतीचा मान त्यांच्या घराकडे. त्यामुळे ते साधी किराणा मालाची यादी वाचत असले तरी ऐकणारे टोप्या सारख्या करून बसत.

“द्या इकडं,” जावेद म्हणाला. स्टँडावर त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं. “बॉलपेननं काढून देतो. दोन मिंटाचं काम.”

इथे सिद्धलिंग शेटे सरांनी घसा साफ केला.

शेटे सर गावच्या हायस्कुलात गणित शिकवत. महिन्यापूर्वीच त्यांनी शिक्षकांसाठीचं दहा दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण पुरं केलं होतं: संगणकाला प्रोग्रॅम लिहून द्यायचा आणि त्याच्याकडून आलेख काढून घ्यायचे. त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन बैठकीत लग्नाच्या फोटोशेजारी लागलं होतं. सरांच्या पत्नी नीलम्मावहिनींनी फक्त लग्नाचा फोटो चार बोटं पलीकडे सरकवला होता.

“बॉलपेननं?” सर म्हणाले. जावेदनं जणू कोळशानं काढतो म्हटलं होतं. “आप्पा, सरकारी कागद हाय. मार्ग मोजायचा, त्याचे बिंदू घ्यायचे, प्रोग्रॅम लिहायचा. वक्ररेषा बिनचूक यायला पायजे. वळणावळणावर बाण.”

“किती दिवस लागतेत?”

“एक रविवार.”

हे वाक्य सरांना पुढे फार दिवस ऐकावं लागलं, आणि तेही दुसऱ्यांच्या तोंडून.

रविवारी सकाळी सर मोबाईल हातात धरून देवळापाशी उभे राहिले. मोबाईलमध्ये त्यांनी असं काही बसवलं होतं, की सर चालले की दर पाच सेकंदांनी त्यांची जागा नोंदली जाई. आता प्रश्न होता, कोणीकडून निघायचं हा. रथ पेठेकडून निघतो हे सरांना माहीत होतं. जन्म गावात गेला होता. पण पेठेत दुकानाच्या गादीवर आप्पा बसलेले असत, आणि आप्पांच्या नजरेला पडलेला माणूस एक कप चहा आणि आप्पांच्या गुडघ्याची साद्यंत हकीकत घेतल्याशिवाय सुटत नसे. सरांनी विचार केला, की खालच्या आळीकडून गेलं तर पेठेत पोचेस्तोवर आप्पा जेवायला आत गेलेले असतील. आणि गोल तो गोल. कुठूनही मोजला तरी परीघ तोच निघतो. गणिताच्या शिक्षकाला हा विचार इतका रास्त वाटला, की सर मनाशी हसलेसुद्धा.

मोबाईल छातीशी धरून, पावलं मोजल्यासारखे हळूहळू चालणारे सर पाहिल्यावर खालच्या आळीत खळबळ उडाली. कुणी म्हणालं रस्ता रुंद होणार, कुणी म्हणालं घरकुलाचा सर्व्हे आला. फुटाण्याची भट्टी चालवणारी साखराबाई झारा घेऊनच रस्त्यावर आली.

“काय मोजताव वो सर? माझी भट्टी सरकारी जागंत न्हाई, आधीच सांगते.”

“रथाचा मार्ग मोजतोय, साखराबाई.”

“त्यो कावून मोजायचा? रथ काय हारवलाय?”

सरांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. उत्तर दिलं असतं तर पाच सेकंदांचा हिशेब बिघडला असता. कुंभारवाड्याचा चढ चढताना त्यांना धाप लागली, तेव्हाही त्यांच्या मनात काही आलं नाही. उतार चढावा लागतोय, ही एवढी एक गोष्ट जरी त्यांनी त्या वेळी मनावर घेतली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुपारी सरांनी लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम चालवला, आणि पडद्यावर निळी वक्ररेषा उमटली. नऊशे सव्वीस बिंदूंचा मार्ग. एका ठिकाणी मोबाईलच्या चुकीनं तो सार्वजनिक आडात उतरून वर आला होता, पण ते तेवढं पुसलं. सरांनी नीलम्मावहिनींना बोलावून दाखवलं.

“जिलबी हाय का?” वहिनींनी विचारलं.

आता राहिले बाण. सरांना वाटलं, एवढी मोठी भाषा, हजार तऱ्हेचे आलेख काढते. रेषेवर बाण काढायचा काहीतरी सोपा हुकूम असणारच. नव्हता. सर थक्क झाले. ठिपके होते, चौकोन होते, चांदण्या होत्या, उलटे त्रिकोण होते. धावत्या रेषेच्या पोटात बाण बसवायचा म्हटलं, की तो संगणक गप्प.

बाण काढायला दोन बिंदू लागतात, हे सरांना कळलं. शेपटाचा एक, टोकाचा एक. त्यांनी पहिला बिंदू आणि मधला बिंदू दिला. बाण निघाला तो थेट देवळाच्या कळसापासून, घरांवरून, आप्पांच्या माडीतून आरपार कुंभारवाड्यात. मग जवळजवळचे बिंदू दिले, तर बाण इतका बारका आला की वहिनींनी डास समजून पदरानं झटकला. मोठा केला, तर एकाच टोकानं सगळं हायस्कूल झाकलं. आकार जमला, तर बाण रेषेवर बसेना. बाभळीच्या काट्यासारखा बाजूला निघून राहिला.

शेवटी सरांनी मुलीला फोन लावला. ईश्वरी लातूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती.

“बाबा, तुमचं आडवं माप आणि उभं माप सारखं नाहीये,” ती म्हणाली. “गाव दाबलं गेलंय. म्हणून बाण तिरके दिसतायत. आधी दोन्ही मापं एक करा. मग प्रत्येक वळणावरचा एक बिंदू घ्या, त्याच्या लगेच पुढचा घ्या, आणि ह्याच्याकडून त्याच्याकडे बाण काढा. तुम्ही जसे चाललात तसे बाण आपोआप वळतील.”

तुम्ही जसे चाललात तसे! पोरीनं सगळं सांगितलं होतं. पण त्या क्षणी पडद्यावर चौदा लाल बाण वळणावळणाला अलगद टेकून, रेषेच्या अंगानं वाकून उभे राहिले, आणि सरांचा ऊर भरून आला. त्यांनी बाणांची जाडी तपासली, लांबी तपासली, रंग तपासला, दोन बाणांमधलं अंतर पट्टीनं मोजलं. दिशा सोडून बाणाचं जे जे तपासता येतं ते सगळं तपासलं.

जावेदच्या दुकानात रंगीत प्रती निघाल्या, तेव्हा त्यानंसुद्धा मोकळेपणानं मान्य केलं. “सर, बॉलपेननं हे जमलं नसतं. लई खास!” कमिटीत कागद हातोहात फिरला. आप्पांनी तो उलटा धरला होता, त्यामुळे त्यांना सगळं बरोबर दिसलं. त्यांनी सही केली. पाच प्रती ठाण्यात गेल्या, आणि दहा दिवसांनी शिक्का मारून परवानगी आली. सरांनी जावेदला चहा पाजला.

रथाला दोन दिवस राहिले असताना ठाण्यातले सुग्रीव जमादार पत्र्याचे बाण घेऊन गावात आले. नकाशा हातात धरून त्यांनी एकेका वळणावर, खांबाखांबाला, लाल रंगाचे चौदा बाण तारेनं आवळले. अर्ध्या तासात आप्पा दहा-बारा माणसं घेऊन सरांच्या दारात हजर.

“सर, बाण खालच्या आळीकडं कावून?”

सर हसले. “जमादारांनी पाटी उलटी बांधली आसंल, आप्पा.”

“चौदाच्या चौदा?”

सरांनी लॅपटॉप उघडला. पहिला बिंदू पाहिला. देऊळ. दुसरा पाहिला, दहावा पाहिला, पन्नासावा पाहिला. पन्नासाव्या बिंदूवर साखराबाईची भट्टी होती. खोलीत बारा माणसं होती आणि बाराही सरांच्या तोंडाकडे पाहत होती.

“त्याचं आसं हाय,” सर म्हणाले, “की मी जरा तिकडून गेलतो.”

“तिकडून कावून गेलताव?”

आता आप्पांना काय सांगणार? सर म्हणाले, “ऊन तोंडावर येत होतं.”

पण सरांनी धीर सोडला नाही. प्रोग्रॅममध्ये बिंदूंची यादी उलटी करायला चार-पाच चिन्हं लागतात. त्यांनी ती टाकली, आणि पडद्यावरचे सगळे बाण गर्रकन फिरून पेठेकडे तोंड करून उभे राहिले. बाराही जणांनी एकदम श्वास सोडला. “झालं की मग!” आप्पा म्हणाले. “मी उगंच घाबरलो बे!”

ठाण्यातले फौजदार तरुण आणि फार नम्र होते. त्यांनी सरांचा जुना नकाशा टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. नवा नकाशा त्यांनी नीट पाहिला आणि तितक्याच नीट परत केला.

“सर, रथ केवढा उंच आहे?”

“कळसासकट अठ्ठावीस फूट,” आप्पा अभिमानानं म्हणाले.

“आणि विजेच्या तारा?”

तारा बावीस-तेवीस फुटांवर होत्या. दरवर्षी लाइनमन वीज बंद ठेवत आणि दोघंतिघं लांब बांबूंनी तारा वर उचलून धरत.

“वीज मंडळानं तुमच्या नकाशावरून वेळा ठरवल्यात,” फौजदार म्हणाले. “आठ ते दहा खालची आळी बंद. दहा ते अकरा कुंभारवाडा. अकरा ते एक पेठ. पाण्याचे टँकर, ॲम्ब्युलन्स, बंदोबस्त, सगळं त्याच क्रमानं. तुम्ही आठ वाजता रथ पेठेत नेलात, तर वरच्या तारा चालू असतील. मी ती जोखीम घेणार नाही.”

“पण साहेब, नकाशा उलटा करणं दोन सेकंदांचं काम हाय,” सर काकुळतीला आले.

कोपऱ्यात उभे असलेले सुग्रीव जमादार कळवळून म्हणाले, “तुमचं दोन सेकंदाचं हाय, सर. बाण उलटा करायचा तर पाच हापिसांचे शिक्के उलटे करावे लागतेत. आन्‌ उद्या सुट्टी हाय.”

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं. रथ उलटा फिरणार! आप्पांच्या घराण्याची पहिली आरती शेवटची होणार. ज्या उतारावरून रथ आवरत खाली आणायचा, तो उतार आता रथाला चढवायचा. सरांना वाटलं, आपण बदलीचा अर्ज द्यावा. पाटोदा, आष्टी, कुठंही.

संध्याकाळी सरांच्या घरात बैठक भरली ती न बोलावता. एकानं सुचवलं, रथ पेठेकडून उलटा, म्हणजे मागं-मागं ढकलत न्यावा, म्हणजे बाणाचंही राहील आणि मानाचंही. दुसऱ्यानं सुचवलं, सरांनाच पुढे बांधावं. सर भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाठ करून बसले होते. तेवढ्यात साखराबाई आली. सरांना वाटलं, निदान ही तरी खूश असेल. तिच्या दारी रथ यायचा तो सगळ्यांच्या शेवटी; हार तुटलेले, गुलाल संपलेला, वाजंत्री पाणी प्यायला गेलेली. आता पहिली आरती तिच्या दारात होती.

साखराबाई उंबऱ्यात उभी राहून कडाडली. “काय करून ठिवलं सर तुमी? पयली आरती माझ्या दारात! माझ्याकडं धड ताट न्हाई, अंगणात भट्टीची राख हाय, आन्‌ सकाळी आठला सारं गाव दारात! आधी इचारायचं तरी!”

नीलम्मावहिनी उठल्या, कपाटातून चांदीचं ताट काढलं आणि साखराबाईच्या हातात दिलं. “रथादिवशी मी येते सहाला. अंगण सारवू दोघी.”

आप्पा ते ताट जाताना पाहत राहिले.

रथाच्या दिवशी आठला हर हर महादेवचा गजर झाला आणि बँडवाले सवयीनं पेठेकडे निघाले. अर्धी पेठ चढल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की मागे कुणीच नाही. ते ढोल पोटाशी धरून पळत आले तेव्हा रथ साखराबाईच्या दारात पोचलाही होता. साखराबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. वहिनींनी खालून ताटाला हात लावला. आरती झाली. साखराबाई रथाकडं नुसती बघत राहिली. “हार किती ताजं हायती गं,” ती वहिनींना म्हणाली. “मला वाटायचं, देवाला सुकलेलंच घालतेत.”

कुंभारवाड्याच्या पायथ्याशी सव्वादहा वाजले. चाँद मिस्त्री चाकापाशी बसला होता. रथाच्या चाकांचं काम त्याच्या घराकडे आजोबापासून. दरवर्षी तो चाकाच्या पुढं लाकडी ठोकळे घालायचा, रथ पळू नये म्हणून. आज त्यानं ठोकळे मागे घेतले आणि सरांकडे पाहिलं.

“सर, बाण काढताना एकदा चाकाला इचारायचं होतं.”

अर्ध्या चढावर रथ थांबला. दोरखंड ताठ झाला, माणसं लाल झाली, चाक जागचं हलेना. उताराला वीस माणसं पुरायची. चढाला दोनशेही कमी पडत होती. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. अकराला वरच्या तारांत वीज येणार होती. सुग्रीव जमादारांनी लाइनमनला फोन लावला. “धा मिंटं थांब बाबा!” पलीकडून आवाज आला, “लेखी द्या.” जमादारांनी सरांच्या नकाशाच्या पाठीमागं लिहिलं, सही केली, जावेदनं त्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं: ‘शिक्का दिसत नाही.’

सरांनी वर पाहिलं. वर रथ, त्याच्यावर तारा, खाली सगळं गाव, आणि हे सगळं आपण पेठेत एक कप चहा चुकवला म्हणून. ते पुढं धावले आणि त्यांनी दोर धरला. आयुष्यात त्यांनी खडूपेक्षा जड काही ओढलं नव्हतं.

चढाच्या माथ्यावर मानाचा फेटा बांधून आप्पा उभे होते. आप्पांच्या घराण्यातल्या पुरुषानं रथाचा दोर कधी धरला नव्हता. मान घेणाऱ्यानं दारात थांबायचं, अशी रीत. आप्पांनी घड्याळ पाहिलं, तारांकडे पाहिलं. मग कोट काढून भिंतीवर टाकला, आणि गुडघ्याची सगळी हकीकत विसरून उतारानं खाली आले.

“सरका बे!” ते ओरडले आणि सरांच्या पुढं दोराला लागले. “आरं, बायकांना बी बोलवा! वरून सगळी पेठ बोलवा!”

पेठ खाली आली, खालची आळी वर आली. साखराबाई आली, वहिनी आल्या, बँडवाल्यांनी ढोल टाकले. फौजदारांनी टोपी जमादारांकडे दिली. चाँद मिस्त्री ओरडायचा, “हां, ओढा!” चाक वीतभर सरकायचं आणि तो मागं ठोकळा सारायचा. “हां, ओढा!” पुन्हा वीतभर. कुणाचा हात कुणाच्या पुढं आहे, पहिला मान कुणाचा, शेवटचा कुणाचा, हे त्या दहा मिनिटांत कुणालाच सांगता आलं नसतं. अकराला तीन मिनिटं असताना रथाचा कळस कुंभारवाड्याच्या शेवटच्या तारेखालून बाहेर पडला, आणि पेठेतली वीज जाईपर्यंत रथ तिथंच थांबला. लोक इतके दमले होते, की गजरसुद्धा जरा वेळानं झाला.

आप्पांच्या दारात आरती झाली तेव्हा त्यांचा सदरा बगलेत फाटलेला होता आणि एका पायात चप्पल नव्हती. त्यांची थोरली बहीण शिवकन्याक्का ओट्यावर खुर्चीत बसली होती. तिला दिसायला कमी. दरवर्षी रथ तिच्यापुढं जेमतेम आरतीपुरता थांबे. पुढची सगळी वाट बाकी असे, मागचे ‘चला, चला’ करत. आज पुढं फक्त देऊळ होतं आणि सगळे घोटभर पाण्यासाठी तिथंच बसले. एकच्या आत निघायचं होतं, पण एक वाजायला अजून वेळ होता. शिवकन्याक्का उठली, हातानं चाचपत रथापाशी आली, चाकावरून हात फिरवला, नक्षीतला नंदी बोटांनी शोधून काढला. कुणी तिला घाई केली नाही. आप्पा ओट्याच्या पायरीवर बसून ते बघत होते. सर त्यांच्यापासून चार हात लांब उभे होते, चार हातही कमीच म्हणून.

“सर, हिकडं या,” आप्पा म्हणाले. “बसा. चहा घ्या.”

सर बसले. चहा आला. गुडघ्याची हकीकतही आली, आज ताज्या भरीसह. सरांनी ती अथपासून इतिपर्यंत ऐकली.

आठवड्यानं कमिटीची बैठक बसली. सर राजीनामा खिशात घालून गेले होते, जरी ते कमिटीत कधीच नव्हते. खालच्या आळीनं म्हटलं, रथ आता असाच फिरवा. पेठेनं म्हटलं, मुळीच नाही. दोन तास भांडण चाललं. शेवटी साखराबाई, जिला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणाली, “एक साल आसं, एक साल तसं. त्यात काय येवढं?”

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी बराच वेळ गुडघा चोळला. “चालंल,” ते म्हणाले. “पर चढाच्या साली दोर आधीच जाड आणायचा.”

“मग नकाशे दोन लागतेन,” जावेद म्हणाला. “एक सुलटा, एक उलटा. मी म्हन्तो, बॉलपेन...”

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “सरच काढतेन. पर चालत मोजून. त्या पाच चिन्हांनी उलटा करायचा न्हाई.”

सर घरी आले तेव्हा त्यांना स्वतःचाच धक्का बसला होता. ते हो म्हणून आले होते. त्यांनी ती बातमी भीत भीत स्वयंपाकघराच्या दारातून सांगितली आणि ओरडा खाण्याच्या तयारीनं उभे राहिले.

नीलम्मावहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली.

“रविवारी जाऊ,” त्या म्हणाल्या. “मी पुढं चालते. तुमी नुसता मोबाईल धरा.”